जाड दिसणारी भिंत मेलेली निघाली: स्तनातल्या एका गाठीची दुसरी बायोप्सी

वय ४६, सांगली जिल्ह्यातलं एक गाव. डाव्या स्तनात तीन महिन्यांपासून गाठ. मध्यंतरी वरची कातडी लाल झाली, ठणकलं, दोन दिवस ताप आला. दहा-बारा वर्षांचा मधुमेह आणि त्यानं पोखरलेली किडनी: क्रिएटिनिन २.४, म्हणजे किडनीची गाळण्याची क्षमता (ईजीएफआर) २५ च्या आसपास. या बाईंची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

त्या आल्या थोरल्या जावेबरोबर. बोलत होती जाऊच. प्लास्टिकच्या पिशवीतून फाईल काढून तिनं सरळ विचारलं, "मॅडम, टीबीच्या गोळ्या सोमवारपासून चालू करायच्यात. करू का नको, तेवढंच सांगा."

फाईल वाचली तर गोळ्यांचा निर्णय अगदीच हवेतला नव्हता. गावच्या डॉक्टरांनी आधी अँटिबायोटिक दिलं, लाली ओसरली, गाठ राहिली. मग तालुक्याच्या सर्जननी सुई घातली तर पिवळट घट्ट द्रव आला. रिपोर्ट: पूपेशी, मेलेल्या पेशी, कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत. कल्चरमध्ये जंतू वाढले नाहीत, टीबीच्या जंतूचं जनुक शोधणारी सीबीनॅट चाचणी निगेटिव्ह. त्यांनी तेवढ्यावर न सोडता सोनोग्राफीखाली कोअर बायोप्सी केली, जाड सुईनं दोन तुकडे घेतले. पॅथॉलॉजिस्टनी लिहिलं की बहुतांश नेक्रोसिस (मेलेली ऊती) आहे, मिश्र दाह आहे, निदानाला पुरेल इतकी जिवंत ऊती नाही. क्लिनिकल कोरिलेशन करावे, म्हणजे रुग्णाच्या लक्षणांशी ताडून बघावे. (हे शेवटचं वाक्य आम्ही रिपोर्ट लिहिणारे सगळेच लिहितो, आणि वाचणाऱ्या प्रत्येकाला ते दुसऱ्या कुणासाठी तरी लिहिलंय असं वाटतं.) त्यात घरात सासऱ्यांना दोन वर्षांपूर्वी फुप्फुसाचा टीबी होऊन गेलेला. मधुमेह, पू, मेलेली ऊती, घरातला टीबी. आपल्याकडे स्तनाचा टीबी दिसतो, आणि सीबीनॅट निगेटिव्ह आली म्हणून तो नाकारता येत नाही. त्या सर्जनच्या जागी मी असते तर कदाचित मीही तीच चिठ्ठी लिहिली असती.

फक्त एक गोष्ट खटकत होती. "जिवंत ऊती नाही" याचा अर्थ "कॅन्सर नाही" असा होत नाही. तपासायला जे हवं होतं ते सुईत आलंच नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

मी दुसऱ्या बायोप्सीचा विषय काढला तशा बाई पहिल्यांदा बोलल्या. "परत सुई नको. सुई मारली की पसरतंय म्हणत्यात." मग जावेकडे बघून, "अक्का, तुम्हीच सांगा की." अक्कांनी मला विचारलं, "पसरतंय का खरंच?" नाही पसरत, सांगितलं. शंभरदा सांगितलं असेल आजवर. पण त्यांच्या बोलण्यात एक रास्त मुद्दा होता: तीच सुई त्याच जागी पुन्हा घालून यावेळी वेगळं काय येणार होतं?

साध्या सोनोग्राफीत काय दिसलं

डावा स्तन, घड्याळाच्या दोनच्या ठोक्याला, स्तनाग्रापासून ५ सेंटीमीटरवर, ३४ बाय २६ मिलिमीटरची गाठ. आत पातळ आणि गढूळ असा मिश्र द्रव, प्रोब हलवला की कण डुलत होते. भिंत सगळीकडे सारखी नव्हती. छातीच्या मध्याकडच्या बाजूला ती ९ मिलिमीटर जाड, घट्ट, करडी. काखेकडच्या बाजूला जेमतेम ३ ते ४. कडा बहुतेक गुळगुळीत. गाठीच्या मागं आवाजाच्या लहरी उजळत होत्या, जे पाण्याच्या गाठीत होतं आणि ज्यानं आपण निर्धास्त होतो. वाहतं रक्त दाखवणारा कलर डॉपलर लावला तर मध्याकडच्या जाड भिंतीच्या बाहेरून एक-दोन लाल-निळे ठिपके, बाकी काही नाही. काखेत एक ग्रंथी, तिची साल ४ मिलिमीटर जाड. दाहातही होते तशी. मॅमोग्राफीत गोलसर सावली, चुन्याचे कण नाहीत.

कॅन्सरचा संशय मोजणाऱ्या बाय-रॅड्स श्रेणीत मी ४बी दिलं. म्हणजे कॅन्सरची शक्यता १० ते ५० टक्क्यांच्या मध्ये कुठंतरी, आणि बायोप्सी हवीच. गुळगुळीत कडा आणि मागची उजळणी पाहून खाली यायचा मोह होतो. पण ट्रिपल निगेटिव्ह प्रकारचा (ईआर आणि पीआर हे हार्मोनचे आणि हर-टू हा, असे तिन्ही रिसेप्टर नसलेला), झपाट्यानं वाढणारा कॅन्सर नेमका असाच साळसूद दिसतो. तो आजूबाजूच्या ऊतीला ओढून आक्रसत नाही, ढकलत गोल वाढतो. आणि रक्तपुरवठ्यापेक्षा जास्त वेगानं वाढला की मध्येच मरतो, आत पूसारखा गाळ होतो.

सर्जननी पहिल्या बायोप्सीत जाड भिंतीतूनच तुकडे घेतले होते, त्यांच्या नोंदीत तसं स्पष्ट होतं. पुस्तकात हेच शिकवतात: मधल्या गाळात सुई घालू नका, भिंतीतला घट्ट भाग गाठा. त्यांनी तेच केलं होतं. मी दुसऱ्यांदा केली असती तर मीही तिथंच गेले असते.

आता भिंतीतला कोणता भाग जिवंत आहे हे बघायला रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी हवी. नेहमीचं उत्तर म्हणजे कॉन्ट्रास्ट एमआरआय. ईजीएफआर ३० च्या खाली म्हटल्यावर गॅडोलिनियमचं नाव काढलं की सगळे मागं सरकतात. २००६ पासून काही जुन्या गॅडोलिनियम औषधांचा आणि कातडी-सांधे घट्ट करणाऱ्या एका दुर्धर आजाराचा किडनीच्या रुग्णांत संबंध दिसला, ती भीती अजून टिकून आहे. हल्लीच्या, घट्ट बांधणीच्या गॅडोलिनियम औषधांत ती जोखीम फारच कमी आहे, त्यामुळे एमआरआय अशक्य होता असं मी म्हणणार नाही. पण स्तनाची कॉइल असलेलं केंद्र लांब, तारीख बारा दिवसांनंतरची, आणि एमआरआयमध्ये जागा दिसली तरी सुई शेवटी सोनोग्राफीखालीच जाणार. कॉन्ट्रास्ट मॅमोग्राफीला आयोडीनचं औषध लागतं, ते या किडनीला मी सहजी देणार नाही. राहिला सोनोग्राफीचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून सोडलेले बुडबुडे.

औषध कसलं

सोनोग्राफीच्या कॉन्ट्रास्टमध्ये रंग नसतो, आयोडीन नसतं, गॅडोलिनियमही नसतं. सोनोव्ह्यूच्या कुपीत पांढरी पावडर आणि तिच्यावर सल्फर हेक्झाफ्लोराइड वायू असतो. ५ मिली सलाईन घालून २० सेकंद जोरात हलवलं की दुधासारखं पांढरं होतं. त्यातला प्रत्येक बुडबुडा सरासरी अडीच मायक्रॉनचा, म्हणजे लाल पेशीपेक्षाही लहान, फॉस्फोलिपिडच्या पातळ सालीत कोंडलेला वायू. तो फुप्फुसांच्या केशवाहिन्यांतून पार होऊन सगळ्या शरीरात फिरतो, आणि काही मिनिटांत फुटून वायू श्वासावाटे बाहेर पडतो. किडनीचा यात हात नसतो. क्रिएटिनिन विचारायचीसुद्धा गरज नाही.

या बाईंच्या बाबतीत त्याहून कामाची गोष्ट दुसरीच होती. गॅडोलिनियम आणि आयोडीनचे रेणू वाहिनीतून झिरपून ऊतीत शिरतात. त्या रेणूंच्या मानानं बुडबुडा खूप मोठा आहे, तो वाहिनी सोडत नाही. म्हणजे पडद्यावर जिथं चमक, तिथं त्या क्षणी वाहणारं रक्त. जिथं काळोख, तिथं रक्त नाही. डॉपलरला मोठ्या वाहिन्यांतला वेग दिसतो, केशवाहिन्यांतलं संथ रक्त त्याच्या हाती लागत नाही. बुडबुडा तिथलाही ठाव सांगतो. कॅन्सरची गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढं वाढायची तर तिला नव्या रक्तवाहिन्या ओढून घ्याव्या लागतात, हा जुडा फोकमन यांनी १९७१ साली मांडलेला विचार. त्या वाहिन्या वेड्यावाकड्या असतात, कडेनं जास्त असतात, आणि आपल्याला दिसतात त्या याच.

बुडबुड्यांची ही युक्ती जुनी आहे. १९६८ मध्ये अमेरिकेत रोचेस्टरला रेमंड ग्रामियाक आणि प्रवीण शहा यांनी हृदयाच्या सोनोग्राफीत, इंजेक्शन देताना उठणाऱ्या बुडबुड्यांमुळं रक्ताची पोकळी उजळते हे नोंदवलं. सोनोव्ह्यू युरोपात २००१ पासून आहे आणि तिथल्या माहितीपत्रकात यकृताबरोबर स्तनाच्या गाठींचा उल्लेख आहे. जपानमध्ये सोनाझॉइड हे दुसरं औषध २०१२ पासून स्तनासाठी मंजूर आहे. यकृतात ही तपासणी रुळली, स्तनात मात्र नाही. एक कारण भौतिकशास्त्राचं: हे बुडबुडे साधारण ३ मेगाहर्ट्झच्या आसपास सर्वांत चांगले थरथरतात, आणि स्तनाला बारीक तपशिलासाठी आपण १० च्या आसपासचा प्रोब लावतो. तिथं त्यांचा प्रतिसाद मंदावतो. दुसरं कारण असं की स्तनातल्या गाठीत सुई घालणं इतकं सोपं आहे की चित्रावर डोकं खाजवण्यापेक्षा बायोप्सी बरी. एरवी माझंही मत तेच.

प्रत्यक्ष

आधी प्रश्न: तीव्र हृदयविकार, फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला वाढलेला दाब, पूर्वीची ॲलर्जी. आणि एक प्रश्न लोकांना विचित्र वाटतो: पोट साफ होण्याच्या कुठल्या पावडरीनं कधी अंगावर गांधी उठल्यात का? या औषधात मॅक्रोगोल असतं, तेच बऱ्याच जुलाबाच्या पावडरींत असतं. गंभीर ॲलर्जी फार क्वचित होते. इटलीतल्या २३,००० हून जास्त तपासण्यांच्या आढाव्यात दोन रुग्णांना झाली. पण क्वचित म्हणजे कधीच नाही असं नव्हे, म्हणून ॲड्रेनलिन भरून ट्रेमध्ये ठेवलं.

उजव्या कोपरात २० गेजचा कॅन्युला. बारीक सुईतून जोरानं ढकललं की बुडबुडे सुईतच फुटतात. एका कुपीत २.४ मिलीचे दोन डोस बसतात, ते मला पुरणार होते. स्तनासाठी काही जण एकदम ४.८ देतात; मशीन नवं असेल तर निम्म्यात भागतं.

पडदा दोन भागांत: डावीकडं नेहमीचं करडं चित्र, उजवीकडं कॉन्ट्रास्टचं, जे इंजेक्शनआधी जवळपास काळं असायला हवं. मेकॅनिकल इंडेक्स ०.०७. आवाजाचा जोर यापेक्षा फार वाढला की बुडबुडे फुटायला लागतात. गाठीवर जेलीचा जाड थर, आणि प्रोब त्यावर नुसता तरंगत ठेवायचा. हे सांगायला सोपं आहे. पंधरा वर्षं स्तन दाबून बघायची हाताला सवय असते. दाबल्यानं चित्र स्वच्छ येतं. पण दाबलं की केशवाहिन्या मिटतात आणि जिवंत भागही काळा दिसतो. करंगळी बाईंच्या बरगडीवर टेकवून मी मनगट अधांतरी धरलं.

सिस्टरनी डोस दिला, मागून १० मिली सलाईन, आणि मोठ्यानं सेकंद मोजायला लागल्या. अकरा, बारा, तेरा. चौदाला काखेच्या बाजूनं एक सोनेरी धागा आत शिरला. सतराला त्याचे तीन-चार फाटे झाले, खेकड्याच्या नांग्यांसारखे, बाहेरून गाठीकडं वळलेले. पंचविसाव्या सेकंदाला काखेकडची ती ३-४ मिलिमीटरची किरकोळ भिंत लख्ख पेटली होती. नुसती भिंतच पेटली असंही नाही: करड्या चित्रात जिथं गाठ संपत होती त्याच्याही पुढं, निरोगी वाटणाऱ्या चरबीत आणखी ७ मिलिमीटर चमक होती. ३४ ची गाठ ४१ ची झाली. मधला भाग काळा, ते अपेक्षितच.

आणि मध्याकडची ती ९ मिलिमीटरची जाड, घट्ट भिंत काळीच राहिली. चाळीस सेकंद, साठ सेकंद, दीड मिनिट. तिच्या बाहेरच्या कडेवरून रक्त जात होतं, डॉपलरचे ठिपके तिथलेच. भिंतीत एक बुडबुडा शिरला नाही. करड्या चित्रात जी घट्ट, "इथं सुई घाला" म्हणणारी ऊती होती, तो साचून थिजलेला मृत गाळ होता. पहिल्या बायोप्सीत तो आला होता, आणि पॅथॉलॉजिस्टनी जे दिसलं तेच लिहिलं होतं.

हातानं तर दाबलं गेलं नाही ना, ही शंका मला लगेच आली. तशी चूक झाली असती तर चित्र हुबेहूब असंच दिसलं असतं. म्हणून पहिल्या डोसचे बुडबुडे ओसरायला पंधरा मिनिटं थांबले. तेवढ्यात जागा बधिर करायला काखेच्या बाजूनं लिग्नोकेन दिलं. सिरिंजमधली हवा आधी नीट काढून, कारण ऊतीत हवेचा एक थेंब गेला तरी तो पडद्यावर चमकतो आणि फसवतो. दुसरा डोस दिला तेव्हा प्रोब काटकोनात फिरवून धरला होता. चित्र तेच. मध्ये एकदा मुद्दाम जोराची लहर सोडून सगळे बुडबुडे फोडले. काखेकडची बाजू तीन-चार सेकंदांत पुन्हा भरली, मध्याकडची कोरडीच.

बुडबुडे दिसत असतानाच सुई घातली. सुई कॉन्ट्रास्टच्या चित्रात धड दिसत नाही, ती डाव्या करड्या चित्रात बघायची आणि जागा उजव्या चित्रात. दोन्हीकडं एकदम बघायला डोळे सरावावे लागतात. "आता टाळीसारखा आवाज येईल, दचकू नका ताई," म्हणून १४ गेजची गन सोडली. पाच तुकडे: चार पेटलेल्या भिंतीतून, एक त्या चरबीतल्या ७ मिलिमीटरमधून. काखेतल्या ग्रंथीचे दोन वेगळे. पहिला तुकडा पांढरा, अखंड, अळीसारखा. फॉर्मॅलिनमध्ये तळाशी गेला. बाई दचकल्या नाहीत, अक्का दचकल्या.

आता रिपोर्टबद्दल. मी त्यात कॅन्सर असं लिहिलं नाही. कडेला अनियमित चमक, मध्ये काळोख, हे चित्र गळवातही येतं. ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस या स्तनाच्या दाहात येतं, टीबीत येतं. दाह झाला की तिथंही रक्त धावून येतं. गळवाची कड बहुधा सगळीकडून सारखी आणि पातळ असते. इथं ती एका बाजूला जाड, नांग्यांसारख्या वाहिन्यांची आणि करड्या सीमेबाहेर गेलेली होती, म्हणून संशय वाढला. पण संशय वाढणं आणि निदान होणं यात फरक आहे. तरुण मुलींच्या फायब्रोॲडेनोमा या निरुपद्रवी गाठीसुद्धा बुडबुड्यांत कडकडून पेटतात, आणि चुन्याच्या कणांतून दिसणारा सुरुवातीचा कॅन्सर कधीकधी अजिबात पेटत नाही. बाय-रॅड्सच्या २०१३ च्या आवृत्तीत बुडबुड्यांच्या चित्रावरून श्रेणी द्यायची सोय नाही, आणि माझ्या मते ते ठीकच आहे. या तपासणीनं मला एकाच प्रश्नाचं उत्तर दिलं, सुई कुठं घालायची या प्रश्नाचं. त्यापेक्षा जास्त मागितलं असतं तर ती खोटंही बोलली असती.

पाचव्या दिवशी रिपोर्ट आला. इन्व्हेजिव्ह डक्टल कार्सिनोमा, ग्रेड ३. ईआर शून्य, पीआर शून्य, हर-टू एक प्लस, म्हणजे निगेटिव्ह. केआय-६७, म्हणजे विभागत असलेल्या पेशींचं प्रमाण, सत्तर टक्के. चरबीतून घेतलेल्या पाचव्या तुकड्यातही कॅन्सर, काखेतल्या ग्रंथीतही. टीबीत दिसणारे ग्रॅन्युलोमा कुठंच नाहीत. ट्रिपल निगेटिव्ह.

तालुक्याच्या सर्जनना मी फोन केला आणि तपासणीची व्हिडिओ क्लिप पाठवली. त्यांनी ती दोनदा बघून विचारलं, "म्हणजे मी घेतलं ती बाजू…?" होय, ती काळी बाजू. ते म्हणाले, "मग माझी सुई बरोबर जागी होती की चुकीच्या?" मला याचं सरळ उत्तर अजून सुचलेलं नाही. पुस्तकाप्रमाणं बरोबर होती.

पुढचं थोडक्यात. ट्यूमर बोर्डात आधी केमोथेरपी, मग ऑपरेशन असं ठरलं. गाठ केमोनं विरघळली तरी जागा सापडावी म्हणून तिच्यात टायटॅनियमची बारीक क्लिप बसवली. औषधांच्या मात्रा ठरवायला किडनीचे डॉक्टर सोबत बसले, कार्बोप्लॅटिनचा डोस किडनीच्या कामावरूनच मोजतात. सोमवारच्या गोळ्या सुरू झाल्या नाहीत. सहा महिने टीबीची औषधं घेत वाट बघितली असती तर केआय-६७ सत्तर टक्के असलेल्या गाठीनं काय केलं असतं, हे कागदावर मांडायची गरज नाही.

ही कुपी आमच्याकडं कायम नसते, आगाऊ मागवावी लागते, स्वस्तही नाही. मी ती साध्या गाठींना वापरत नाही. बायोप्सीचं उत्तर आणि चित्र जुळत नाही, गाठीत मेलेला भाग मोठा आहे, किंवा किडनीमुळं बाकीचे रस्ते अरुंद झालेत, अशा वेळी मागवते. गेल्या वर्षात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा.

ट्रिपल निगेटिव्ह म्हटल्यावर स्तनाच्या कॅन्सरचा आनुवंशिक धोका दाखवणाऱ्या बीआरसीए जनुकांची चाचणी सुचवली. बाईंना बावीस वर्षांची मुलगी आहे आणि दोन बहिणी. हे समजावून सांगत होते तेव्हा अक्का मधेच म्हणाल्या, "माझी पण करून टाका ती रक्ताची." म्हटलं, तुमचं त्यांचं नातं लग्नाचं, रक्ताचं नाही, तुम्हाला या चाचणीची गरज नाही. "बरं. मग माझं काहीच बघायला नको?" वय विचारलं: ५३. मॅमोग्राफी कधी केलीय? कधीच नाही. त्याच दुपारी केली. उजव्या बाजूला पॉपकॉर्नसारखी चुना धरलेली जुनी फायब्रोॲडेनोमा, बाय-रॅड्स २, म्हणजे निर्धोक.